हरभऱ्याचा मांडव आणि अक्कांचा पहारा

"मी खुर्ची टाकून बसले, की मांडवाचं पानसुद्धा हलायचं नाही," असं अक्कांनी किमयाला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज असा काही लागला, की शेजारून सनई घेऊन चाललेला वाजंत्रीवाला जागच्या जागी थबकला आणि आपलं काही चुकलं का म्हणून बघू लागला.

आवाज लागणारच. धारला मुलींच्या शाळेत अक्कांनी उभा जन्म भूगोल शिकवला, तोही निम्मा नजरेनेच. त्यांच्या तासाला छताचा पंखा करकरायचा थांबे, असं त्यांच्या विद्यार्थिनी अजून सांगतात, आणि त्या विद्यार्थिनी आता स्वतः आज्या झाल्या आहेत. नाव चारुलता, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. बाकी सगळ्या धारला त्या अक्का. अशा बाईला एक मांडव राखायला सांगणं म्हणजे वाघाला अंगणातल्या कोंबड्या मोजायला बसवण्यासारखंच होतं. म्हणजे तसं अक्कांना वाटत होतं.

किमया ही अक्कांच्या भाच्याची, योगेंद्रची मुलगी. योगेंद्र देवासच्या एका कारखान्यात नोकरीला. मुलगीही अशीच कुठेतरी पगारावर लागेल, असा त्याचा सरळ हिशेब होता. पण पोरगी पुण्याला जाऊन फुलांची सजावट शिकून आली. आता नुसती फुलं लावणारे पुष्कळ असतात. हिचं सगळंच उलटं. दुकानात मिळतो तो हिरवा स्पंज, ज्यात फुलं खोचतात, तो हिला चालत नाही, कारण तो म्हणे जन्मात कुजत नाही. तार नको, प्लॅस्टिक नको, परदेशातून विमानाने आलेलं फूल तर नकोच. केळीच्या सोपटाने बांधायचं, बांबूच्या पेरात पाणी भरून त्यात रोप उभं करायचं, आणि त्या ऋतूत त्या गावाच्या आसपास जे उगवतं तेवढंच वापरायचं. आणि काम संपलं, की कचऱ्याच्या गाडीला द्यायला मूठभरसुद्धा उरता कामा नये.

एवढ्यावर थांबली असती तरी ठीक. पण मांडव बांधायच्या आधी ही पोरगी अख्खा दिवस शेताच्या बांधावर बसून राही. हरभरा वाऱ्याने कुठल्या बाजूला कलतो, गव्हाच्या ओंबीवर ऊन कुठून येतं, हे बघत. योगेंद्र डोक्याला हात लावी. अक्कांना मात्र तिचं फार कौतुक. त्यांच्या लहानपणी त्यांची आई कळीला हात लावू देत नसे, दिवेलागणीनंतर झाडाला शिवू देत नसे, आणि देवाला वाहायचं फूल आधी झाडाखाली पडलेल्यातून वेचायला लावी. पारिजातक, बकुळ ही तर वेचायचीच फुलं. आता पुण्याला जाऊन, फी भरून, पोरगी तेच शिकून आली, हे बघून अक्कांना हसूही येई आणि डोळ्यांत पाणीही. अर्थात आईने कधी हरभऱ्याची भिंत उभी केली नव्हती, हेही त्या कबूल करत.

हो, हरभऱ्याची भिंतच. देवासला टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या जयसिंगरावांच्या मुलीचं, माधवीचं लग्न होतं. माधवी आणि किमया मैत्रिणी. माधवीने हट्ट धरला, की मांडव किमयाच करेल. महिना माघाचा, मालव्यात जिकडे बघावं तिकडे हरभरा घाट्यांनी लगडलेला. तेव्हा किमयाने ठरवलं, की मांडवाच्या तिन्ही भिंती हिरव्या हरभऱ्याच्या करायच्या. बांबूच्या चौकटीत रोपं मुळासकट, शेतात उभी असतात तशी. लग्न लागलं, की प्रत्येक पाहुण्याला एकेक जुडी घरी भाजून खायला द्यायची आणि पाला गोठ्यात. म्हणजे मांडवच वाटून संपवायचा. ऐकून अक्का थक्क झाल्या होत्या.

जयसिंगराव थक्क झाले नाहीत. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, की लेकीच्या हट्टापायी हो म्हणतोय, पण मुहूर्ताच्या आत मांडव मांडवासारखा दिसला नाही, तर राजवीर तयारच आहे. राजवीर म्हणजे देवासचा जुना डेकोरेटर. या लग्नात त्याच्याकडे फक्त दिव्यांचं काम होतं, पण प्लॅस्टिकच्या गुलाबांनी भरलेला टेम्पो त्याने फाटकाबाहेर आणून लावलाच होता, तोंडाला पाणी सुटलेल्या मांजरासारखा. आणि घरी योगेंद्रचं वेगळंच. त्याने किमयासाठी इंदूरच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. हा मांडव साधला तर फुलं, नाही तर सोमवारपासून कंपनी, असं बापलेकीत ठरलं होतं. किमयाने हातावर हात मारून ते कबूल केलं होतं. पोरगी शब्दाची पक्की. म्हणूनच अक्कांनी या मांडवाला जातीने हजर राहायचं ठरवलं.

उभं पीक मुळासकट उपटू द्यायला देवासला कुणी तयार होईना, म्हणून हरभरा धारजवळच्या तिरल्याहून, ओळखीच्या संताजींच्या शेतातून आला. ओल्या पोत्यांत मुळं गुंडाळलेली, गाडी हळू चालवायची, आणि अक्का धारपासून देवासपर्यंत त्या रोपांशेजारी नवरीच्या पाठराखिणीसारख्या बसून आल्या. वाटेत ड्रायव्हरने ब्रेक जोरात मारला, तर त्याला भूगोलाच्या तासाला मिळायची तीच नजर मिळाली.

आणि सकाळी मांडव उभा राहिला! काय दिसत होता म्हणून सांगू. बारीक नक्षीची पानं, मध्येमध्ये जांभळं-गुलाबी इवलं फूल, आणि घाटे कसे, जणू कुणी हिरवी घुंगरं टाचली आहेत. आत गेलं की शेतातला गारवा. वर गव्हाच्या ओंब्यांची झालर. लग्नघरातली पोरं आवाज न करता उभी होती, यापेक्षा मोठी पावती काय हवी.

आता फक्त पळस राहिला होता. चौकटीच्या वरच्या अंगाला पळसाची लाल-केशरी रेघ हवी होती, पण फूल लगेच मलूल होतं, म्हणून ते अगदी शेवटी आणायचं. तेही तोडायचं नाही, झाडाखाली पडलेलं ताजं वेचायचं. टेकडीच्या मागल्या अंगाला पळस होता. किमया टोपली घेऊन निघाली आणि जाताना अक्कांना म्हणाली, की गाईगुरांकडे लक्ष ठेव. तेव्हाच अक्कांनी ते पान न हलण्याचं वाक्य उच्चारलं.

आणि खरं सांगायचं, तर पहारा सुरुवातीला नामी झाला. एक गाय आली. तिला अक्कांनी नजरेने परतवलं. मग एक बोकड आला. तो नजरेला दाद देईना, तेव्हा छत्री उघडली. मग जयसिंगरावांचे धाकटे भाऊ आले आणि एक घाटा तोडायला हात पुढे केला. त्यांना म्हणाल्या, "हात खाली." चांगले पन्नाशीचे गृहस्थ, हात खाली करून उभेच राहिले.

घात केला तो एका रोपाने. अक्कांच्या डाव्या हाताचं रोप जरासं कललं होतं. त्यांनी ते सरळ केलं. सरळ करताना एक घाटा तुटून बोटांत आला. आता तुटलेल्या घाट्याचं काय करायचं? पुन्हा चिकटवता येत नाही. फेकणं तर किमयाच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून अक्कांनी तो सोलला आणि दाणा तोंडात टाकला.

गोड! जिभेवर आधी पानाची आंबट-खारी आंब आणि मागून तो दुधाळ गोडवा. त्याबरोबर अक्का एकदम परकरातल्या झाल्या. धारच्या तलावाकडून येताना कुणाच्यातरी बांधावरून उपटलेला हरभरा, ओठ आंबेने चरचरलेले, आणि आई विचारतेय, कुठे होतीस. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"चारू ना ग तू?"

काठी टेकत एक म्हातारी उभी होती. जयसिंगरावांच्या मातोश्री, नवरीची आजी मालनबाई. हिचं माहेर धारचं. अक्कांच्याच वर्गातली मालन, जी लग्न होऊन देवासला आली आणि पुन्हा म्हणून भेटली नाही. दोघींनी एकमेकींना आधी डोळे बारीक करून पाहिलं, मग हात धरून पाहिलं. मग मालनबाईंनी खुर्ची ओढली.

पुढे जे झालं त्यात दोघींचाही दोष नाही. दोष असलाच तर हातांचा. जिने उभं आयुष्य बोलता बोलता मटार सोलले, लसूण सोलला, गहू निवडले, मेथी मोडली, तिला हिरव्यागार घाट्यांशेजारी बसवून जुन्या मैत्रिणीशी बोलायला लावलं, तर हात काय मांडीवर घडी घालून बसणार आहेत? जिभेने शाळेच्या वाटेवरची चिंच काढली, की हाताने चार घाटे सोलावेत. जिभेने शिवणाच्या बाई काढल्या, की हाताने अख्खं रोप मांडीवर घ्यावं. दोघींपैकी एकीनेही हाताकडे पाहिलं नाही. पदराच्या ओच्यात दाणे पडत राहिले, पायाशी टरफलं.

एवढ्यात घरातली एक सून लगबगीने चालली होती. दोघी वडीलधाऱ्या बायका दाणे सोलताहेत आणि ते खाली सांडताहेत, एवढंच तिने पाहिलं. एक शब्द न विचारता ती आतून पितळी परात घेऊन आली, मध्ये ठेवली आणि निघून गेली. परात आली आणि कामाला कामाचं रूप आलं.

आपल्याकडच्या लग्नघराची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. लवकर आलेल्या बाईला रिकामं बसायची लाज वाटते. कुठे चार जणी परातीभोवती बसलेल्या दिसल्या, की ती पदर खोचते आणि पाचवी होते. कशासाठी, कुणी सांगितलं, हे विचारायचं नसतं, विचारलं तर ती आळशी ठरते. कन्नौदच्या मावशी आल्या, बसल्या. उज्जैनच्या जावा आल्या, बसल्या. एकीने चटई आणली. एकीने दुसरी परात आणली. खालची रोपं संपली, तेव्हा कुणीतरी एका उंच पोरीला वरची उतरवून द्यायला सांगितलं, आणि पोरगी गुणाची, तिने भराभर उतरवून दिली. आचाऱ्याचा माणूस डोकावला, भरलेल्या पराती दिसल्या, तेव्हा त्याला वाटलं ऐनवेळी पदार्थ वाढवलाय. तो पराती उचलून घेऊन गेला आणि रिकाम्या आणून ठेवल्या.

अक्का सांगत होत्या, "आणि तुला आठवतं का मालन, नकाशात नर्मदा काढताना मी ती धारच्या वर काढली होती..." आणि त्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं. त्यांनी खुर्ची सरकवली. पुन्हा ऊन आलं. पुन्हा सरकवली. तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्या जरा चिडून म्हणाल्या, की हे ऊन येतंय तरी कुठून, इथे तर भिंत होती. आणि त्यांनी वर पाहिलं.

भिंत नव्हती. बांबू होते. पलीकडे राजवीरचा टेम्पो स्वच्छ दिसत होता, आणि टेम्पोला टेकून उभा असलेला राजवीर मिशीत हसत होता.

अक्का उठल्या. उठल्याबरोबर ओच्यातून दाणे आणि टरफलं अशी काही खळखळून सांडली, की चटईवरच्या सगळ्या जणी वळून बघू लागल्या. आणि नेमकी त्याच क्षणी टोपली डोक्यावर घेऊन किमया फाटकातून आत आली.

तिने टोपली हळूच खाली ठेवली. हे वाईट. ओरडली असती तर अक्कांना सोपं गेलं असतं. अक्कांनी सांगायचा प्रयत्न केला, की गाय आली होती, बोकड आला होता, त्यांना त्यांनी शिरू दिलं नाही. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की हे बोलण्यात काही अर्थ नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची नजर खाली गेली, आणि खाली टरफलंच होती.

जयसिंगराव आले. एक भिंत पूर्ण गेलेली, दुसरी गुडघ्यापासून छातीपर्यंत गेलेली, तिसरीत विंचरताना तुटलेल्या कंगव्यासारखी भोकं. वऱ्हाड कोपऱ्यावर आल्याची वर्दी नुकतीच आली होती. त्यांच्या मागून योगेंद्र आला, त्याने पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. राजवीर अदबीने पुढे झाला.

"अपन तो बाहर ही खड़े हैं, भिया. बोलो तो अभी गुलाब ही गुलाब कर दें."

जयसिंगरावांनी तोंड उघडलं. पण त्या आधी मालनबाई काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या.

"जयसिंग, मांडव मी सोललाय. काय बोलायचं ते मला बोल."

जयसिंगरावांनी तोंड मिटलं. आईपुढे ते साठीतही चौथीतले होत. पण आईला रागावता येत नाही म्हणून मांडव काही भरून येत नव्हता, आणि हे सगळ्यांना दिसत होतं.

किमया मात्र यांच्यातल्या कुणाकडेच बघत नव्हती. ती मांडवाच्या मध्ये जाऊन खाली मातीत बसली, शेताच्या बांधावर बसते तशी. मोकळ्या बांबूंतून ऊन येत होतं, त्याच्या सावल्या जमिनीवर पडल्या होत्या, त्या बघत राहिली. अक्कांना वाटलं पोरगी रडतेय. त्या जवळ गेल्या. रडत नव्हती.

"अक्का," ती म्हणाली, "पळस फुलतो तेव्हा त्याच्यावर पान असतं का ग?"

"पान कुठलं. नुसत्या काड्या आणि फूल."

"मग उरलेला हरभरा पण काढा. सगळा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग मालनबाईंनी पदर पुन्हा खोचला, आणि जे काम नकळत अर्धं झालं होतं ते आता हुकमाने पुरं झालं. या वेळी रोपं किमयाच्या हाती जात होती. सोललेली, न सोललेली सगळी तिने मांडवाच्या जमिनीवर अंथरली, दाट, एकाच दिशेला कललेली, वाऱ्यात शेत कलतं तशी. भिंतींत राहिले नुसते बांबू, पान गळलेल्या पळसाच्या काड्यांसारखे. पण टोपलीतली फुलं एका बाजूलाही पुरणार नव्हती. अजून पुष्कळ पळस हवा होता आणि वेचायला पुष्कळ हात हवे होते. हात होते. एवढ्या जणी मावतील अशी गाडी एकच होती, आणि ती गुलाबांनी भरलेली होती.

मालनबाईंनी राजवीरकडे पाहिलं. गुलाबांचे खोके फाटकाजवळ उतरले.

तो टेम्पो देवासच्या रस्त्याने गेला तेव्हा लोक बाजूला होऊन बघत होते. मागे उभ्या कन्नौदच्या मावशी, उज्जैनच्या जावा, पैठण्या, नथी, अंबाडे, मध्ये खुर्चीवर अक्का छत्री घेऊन, आणि पुढे तोंड कडू करून राजवीर. पळसाखाली केशरी सडाच पडला होता. एकाही बाईने झाडाला हात लावला नाही. किमयाने सांगून ठेवलं होतं, आणि छत्रीवाल्या अक्का बघत होत्या. इथला पहारा मात्र चोख झाला.

वऱ्हाडाला तोवर जयसिंगरावांनी चहावर चहा पाजून फाटकाशी थोपवून धरलं. किमया भराभरा फुलं लावत होती, सोपटाने एकेक, पळसाच्या फांदीवर असतात तशी, कुठे झुबका, कुठे दोनच, कुठे मुद्दाम काहीच नाही. शेवटी शेवटी राजवीरही न सांगता शिडीवर चढला आणि तिला फुलं वर देऊ लागला. अक्का खाली उभ्या राहून बघत होत्या. सकाळचा मांडव सुंदर होता, पण तो त्यांनी चित्रात पाहिल्यासारखा पाहिला होता. आता जे उभं राहत होतं, त्यात माघातलं अख्खं रान होतं, पाय रोवून. पोरीला हे कुणी शिकवलं? पुण्याने नव्हे, आणि अक्कांच्या आईनेही नव्हे. ते तिचं तिलाच दिसलं होतं. अक्कांना उगीचच नाक पुसावंसं वाटलं.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता पडत होत्या आणि त्याबरोबर, कुणी न टाकता, वरून एकेक पळसफूल आपसूक गळून नवरा-नवरीच्या डोक्यावर येत होतं. भटजी एक कडवं चुकले. ते वर बघत होते. शेवटच्या "सावधान"ला टाळ्या पडल्या. योगेंद्रने पुन्हा चष्मा काढून पुसला, पण या वेळी कारण निराळं होतं.

मग पंगती बसल्या. आणि पंगतीत मांडवाचा विषय चालला तो वाढपी दुसऱ्यांदा येईपर्यंतच. कारण वाढप्याच्या हातात सोलाण्यांची, म्हणजे त्याच हिरव्या दाण्यांची, उसळ होती. आचाऱ्याने पराती आल्या तशा हिरवी मिरची, आलं, खोबरं घालून करून टाकली होती. पाहुणे जिलेबी नको म्हणू लागले. वरपक्षाच्या एका काकांनी वाटी ठेवून भांडंच पुढे केलं.

जेवणं आटोपल्यावर जयसिंगराव किमयापाशी आले. योगेंद्र शेजारीच होता, अक्का अंमळ मागे, मालनबाईंच्या आडोशाला.

"पोरी, पुढल्या माघात धाकट्या मुलाचं लग्न आहे," ते म्हणाले. "मांडव तूच करायचा. दुसरं कुणी नको."

योगेंद्रने इंदूरच्या कंपनीचा नंबर लावायला काढलेला मोबाइल परत खिशात टाकला. किमयाचा चेहरा असा फुलला, की त्यापुढे पळस फिका. ती उत्साहाने सांगू लागली, की काका, पुढच्या वेळी बांबूच्या चौकटी अजून बारीक करू, पळसाचा झुबका थोडा खाली घेऊ, सकाळचं ऊन डावीकडून येईल असं...

"ते पळसाचं तुला वाटेल ते कर," जयसिंगराव म्हणाले. "हरभरा मात्र दुप्पट लाव. शेवटच्या पंगतीला उसळच पोचली नाही, मी स्वतः उपाशी आहे."

किमयाने हळूच मागे वळून पाहिलं. अक्का आपली आंबेने काळी पडलेली बोटं पदरात लपवत होत्या.

"लाव, लाव," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी आदल्या दिवशीच सोलायला बसतो."